२६ अँपियरमध्ये काय काय बसतं : रेनो, नोव्हेंबर २००७ (प्रकरण अभ्यास)

प्रकरण एका आठवड्याचं आहे. जागा अमेरिकेतलं रेनो शहर, तारखा १० ते १६ नोव्हेंबर २००७, निमित्त सुपरकंप्युटरवाल्यांची वार्षिक कॉन्फरन्स, जिला सगळे नुसतं एससी म्हणतात अन् पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे लावतात, म्हणून एससी०७. आपल्याकडच्या पेपरात त्या आठवड्याची एकच बातमी गाजली, की पुण्यातलं 'एका' नावाचं मशीन जगात चौथं आलं. बातमी खरी होती आणि छाती फुगावी अशीच होती. पण त्याच कॉन्फरन्समध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या ज्यांच्याकडे इकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. एक, कॉलेजच्या पोरांची एक स्पर्धा पहिल्यांदा भरली, जिच्यात वेग कितीही काढा पण वीज ठरल्यापेक्षा जास्त ओढायची नाही अशी अट होती. आणि दुसरी, एका वॅटमागे किती काम निघतं त्यावरून मशीनना नंबर देणारी यादी पहिल्यांदा बाहेर आली. माझं म्हणणं असं की या कॉन्फरन्सचा इतिहास त्या आठवड्यात वळला, आणि तो वळला या दोन गोष्टींमुळे, चौथ्या नंबरमुळे नाही.

मी मुर्तिजापूर-दर्यापूर पट्ट्यातल्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवतो आणि हे प्रकरण पोरांना चर्चेला देत असतो. इथल्या पोरांना ते पटकन समजते, मोठ्या शहरातल्या पोरांपेक्षा लवकर, असा माझा दावा आहे (शहरवाल्यांनी राग मानू नये), कारण लाइन किती वेळ आहे, व्होल्टेज किती आहे हे बघून मग काम ठरवायचं ही गोष्ट यांना शिकवावी लागत नाही. २००७ साली तर भारनियमन असं होतं की खेड्यात बारा-बारा तास लाइन नसायची, आणि हे कुठे, तर जिथे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस सगळी औष्णिक केंद्रं आहेत त्या विदर्भात. असो, तो विषय काढला तर प्रकरण बाजूलाच राहील.

आधी थोडं मागचं

एससी सुरू झाली नोव्हेंबर १९८८ मध्ये, फ्लोरिडातल्या ओरलँडोला, एसीएम आणि आयट्रिपलई कंप्युटर सोसायटी या दोन संघटनांच्या नावाखाली. उभी करणाऱ्यांत लॉरेन्स लिव्हरमोर लॅबचे जॉर्ज मायकल पुढे होते, गाणारा जॉर्ज मायकल वेगळा. पहिल्याच वर्षी खुद्द सेमूर क्रे बोलायला आले, म्हणजे ज्यांच्या आडनावाची मशीन तेव्हा सुपरकंप्युटरच्या जागी घेतलं जाणारं नाव होती ते, आणि बोलले कशावर तर गॅलियम आर्सेनाइडवर, सिलिकॉन सोडून दुसऱ्या पदार्थाच्या चिपा करून वेग अजून कसा वाढवायचा यावर. त्या वेळी खोलीतल्या कोणाच्या डोक्यात विजेचं बिल नव्हतं. लोक आले होते दीड हजाराच्या आसपास. २०२४ ला अटलांटात हाच आकडा सतरा हजाराच्या वर गेला.

१९८८ हेच साल आपल्या सी-डॅकचंही आहे, म्हणजे सुपरकंप्युटर बांधणाऱ्या सरकारी संस्थेचं. भारताला क्रे मशीन बंगळुरूच्या आयआयएससीसाठी पाहिजे होतं, अमेरिकेने नाही म्हटलं, हवामान खात्याच्या कामासाठी दिलं पण तेही लहान मॉडेल, अन् मग पुण्यात सी-डॅक काढून आपलं मशीन आपणच बांधायचं ठरलं. प्रमुख कोण, तर विजय भटकर, आपल्या मुर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, इंजिनिअरिंग नागपूरच्या व्हीआरसीईतलं. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात, कारण मुरंब्याला कोणाची ना कोणाची मावशी-आत्या असतेच. १९९१ ला परम ८००० झालं, ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिपा एकमेकींना जोडून. एक मोठा बैल जुंपण्याऐवजी बरीच लहान जनावरं जुंपायची ही कल्पना पुढे सगळ्या जगाने घेतली, पण तेव्हा ती आपल्यासाठी हौस नव्हती, नाइलाज होता.

१९९१ पासूनच एससीमध्ये एससीनेट आहे. ही भानगड मला फार आवडते, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. दरवर्षी गाव बदलणाऱ्या या कॉन्फरन्ससाठी स्वयंसेवक लोक वर्षभर आखणी करून त्या हॉलमध्ये एक अख्खं नेटवर्क उभं करतात, एक आठवडा चालवतात आणि मग उखडून नेतात, आणि त्या आठवड्यापुरतं ते जगातल्या सगळ्यात वेगवान नेटवर्कांपैकी एक असतं. पगार कोणी देत नाही. माणसं वेगवेगळ्या लॅबची, युनिव्हर्सिट्यांची, कंपन्यांची.

मग १९९३. जर्मनीतल्या मानहाइमला जूनमध्ये टॉप५०० ची, म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० मशीनची, पहिली यादी आली, हान्स मॉयर, एरिश श्ट्रोमायर आणि जॅक डोंगारा यांची. तेव्हापासून वर्षातून दोनदा, जूनमध्ये जर्मनीतल्या कॉन्फरन्सला आणि नोव्हेंबरमध्ये एससीला. मोजायचं कसं, तर लिनपॅक नावाचं एकच गणित सगळ्यांनी सोडवायचं, एकावेळी हजारो-लाखो समीकरणं, आणि सेकंदाला किती आकडेमोड झाली ते सांगायचं (सेकंदाला दहा लाख म्हणजे एक मेगाफ्लॉप, त्याच्या हजारपट गिगाफ्लॉप, मग तसंच हजार-हजारपटीने टेरा, पेटा, एक्सा). पहिल्या यादीत पहिला नंबर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस लॅबच्या सीएम-५ चा, ५९.७ गिगाफ्लॉप. हा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

म्हणजे वेग मोजणं होतंच. पैसा मोजणंही होतं, कारण १९८७ पासून चालू असलेल्या गॉर्डन बेल पारितोषिकात (तेही एससीमध्येच देतात) एका डॉलरमागे किती वेग काढला यासाठी वेगळं बक्षीस असायचं. वीज मात्र कोणी मोजत नव्हतं. ती भिंतीतून येते एवढंच.

गोदामातलं मशीन

पहिल्यांदा ज्याने याच्यावर बोट ठेवलं तो माणूस वू-चुन फेंग. तेव्हा लॉस अलामॉसला होते. त्यांच्याकडे एक नेहमीचं क्लस्टर (बरेच कंप्युटर जोडून केलेलं एक मशीन) होतं, पण त्याला एसीवाली खोली मिळाली नव्हती, धुळीच्या गोदामात ठेवलेलं, आणि तिथलं तापमान ८५-९० फॅरनहाइटच्या घरात गेलं की मशीन आठवड्यातून एकदा तरी बंद पडायचंच. ८५ फॅरनहाइट म्हणजे २९-३० अंश. अकोल्यात मे महिन्यात पहाटे चारलासुद्धा एवढं असते, पण ते जाऊ द्या. फेंगनी काय केलं, तर गोदाम थंड करण्याच्या मागे न लागता मशीनच असं बांधलं की जे तापणार नाही. लॅपटॉपसाठीचे कमी विजेचे ट्रान्समेटा प्रोसेसर घेतले, २४० नोड (म्हणजे जोडलेले एक-एक कंप्युटर) एका कपाटात बसवले, नाव ग्रीन डेस्टिनी, सगळं मिळून ३.२ किलोवॅट. त्याच गोदामात, एसीशिवाय, ते चालत राहिलं.

लोकांना ते फार काही पटलं नाही. वेग कमी होता, आणि त्याच सुमारास, २००२ ला, जपानचं 'अर्थ सिम्युलेटर' नावाचं मशीन आलं होतं, ३५.८६ टेराफ्लॉप, आणि अमेरिकेत सगळीकडे एकच धावपळ की आपण मागे पडलो. अशा वेळी कमी विजेत हळू चालणारं मशीन घेऊन कोणी उभं राहिलं तर त्याला विचारतो कोण? अर्थ सिम्युलेटर काही हजार किलोवॅट खात होतं हा मुद्दा त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

फेंग पुढे व्हर्जिनिया टेकला गेले, आणि तिथले कर्क कॅमेरॉन यांच्यासोबत त्यांनी ग्रीन५०० काढली, म्हणजे वॅटमागच्या कामावरून नंबर देणारी ती यादी. पहिली यादी नोव्हेंबर २००७, एससी०७ च्याच आठवड्यात. पहिला नंबर ब्रिटनमधल्या डेर्सबरी लॅबच्या ब्लू जीन/पी या आयबीएमच्या मशीनचा, एका वॅटमागे ३५७ मेगाफ्लॉप.

आता मुख्य प्रकरण : पोरांची स्पर्धा

लिव्हरमोर लॅबचे ब्रेंट गोर्डा यांच्या डोक्यातून ही आली. पहिल्या वर्षी नाव होतं क्लस्टर चॅलेंज, पुढे स्टुडंट क्लस्टर कॉम्पिटिशन झालं. सहा पोरांची टीम, सगळी पदवीच्या आतली, सोबत एक मार्गदर्शक आणि मशीन देणारी एखादी कंपनी. मशीन पोरांनीच जोडायचं, हॉलमध्ये सगळ्यांसमोर, आणि दिलेले प्रोग्रॅम जवळपास दोन दिवस अखंड चालवायचे. २००७ ला सहा टीम होत्या : कॅनडाची अल्बर्टा, तैवानची नॅशनल त्सिंग हुआ, आणि अमेरिकेतल्या इंडियाना, पर्ड्यू, कोलोरॅडो, स्टोनी ब्रूक. जिंकली अल्बर्टा.

अट एकच मोठी, २६ अँपियर. तिकडचं व्होल्टेज १२०, म्हणजे ३,१२० वॅट. त्याच्या वर जायचं नाही, आणि मीटर सगळ्यांना दिसेल असं.

वर्गात मी इथे थांबतो आणि हिशेब करायला लावतो. ३,१२० भागिले ७४६, आलं ४.२ एचपी. दरवेळी कोणीतरी बोलतेच, "सर, हे तं आमच्या पाच एचपीच्या मोटरीपेक्षाही कमी झालं." बरोबर. ज्या विजेत हरभऱ्याचं ओलीत होते त्यापेक्षा कमी विजेत सहा पोरांनी सुपरकंप्युटर चालवला. आपल्या २३० व्होल्टवर तेच साडेतेरा अँपियर होतात, म्हणजे घरातल्या १६ अँपियरच्या पॉवर प्लगातून निघतील एवढेच.

आणि त्यात बसतं किती? त्या काळच्या चांगल्या क्लस्टरला वॅटमागे १५०-१६० मेगाफ्लॉप धरा (हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, खाली 'एका'चा हिशेब दिलाय), तर ३,१२० वॅटमध्ये पाचशेच्या आसपास गिगाफ्लॉप निघतात. १९९३ ला जगातलं पहिल्या नंबरचं मशीन होतं ५९.७. चौदा वर्षांत त्याच्या आठपट काम एका पॉवर प्लगावर आलं.

आता खरी गंमत. पोरांना मी विचारतो की तुमच्याकडे २६ अँपियर आहेत, मशीन किती मोठं बांधाल? पहिलं उत्तर नेहमी हेच की जेवढं बसते तेवढं. पण कोणत्या प्रोग्रॅमवर बसते? लिनपॅक चालवलं की प्रोसेसर पूर्ण पिळून निघतो, वीज सगळ्यात जास्त तिथेच जाते. त्या स्पर्धेत लिनपॅकसोबत खरे वापरातले प्रोग्रॅमही होते : गॅमेस नावाचं रसायनशास्त्राचं, पीओपी नावाचं समुद्राच्या प्रवाहांचं, आणि पीओव्ही-रे, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारं. समुद्राचं गणित असं असतं की प्रोसेसर बराच वेळ मेमरीतून आकडे यायची वाट बघत बसतो, शेजारच्या नोडला काय आलं ते विचारत बसतो, आणि वाट बघणारा प्रोसेसर वीज कमी घेतो. पीओव्ही-रेचं उलटं, एका ठिपक्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, जेवढे कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) तेवढी वाटणी, कोणी कोणासाठी थांबत नाही.

म्हणजे लिनपॅकच्या वेळी बरोबर २६ ला टेकेल असं मशीन बांधलं तर समुद्राच्या वेळी हक्काचे अँपियर पडून राहतात. आणि समुद्राच्या वेळी २६ पुरे वापरेल असं मोठं बांधलं तर लिनपॅकच्या वेळी मर्यादा फुटते, मग काही नोड बंद ठेवा नाहीतर घड्याळ, म्हणजे प्रोसेसरची गती ठरवणारी टिकटिक, कमी करा. या अटीने टीमवाल्यांना पंखे कमी कर, मेमरीच्या पट्ट्या काढ, नको ते सगळं बंद कर असले उद्योग करायला लावले, आणि या स्पर्धेत ते आजही चालतात. एक-एक वॅट वाचवायचा अन् त्यातून एक नोड जास्त बसवायचा.

घड्याळ कमी करणं हा सगळ्यात मोठा डाव, आणि तो नीट समजून घ्यायला पाहिजे कारण त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. चिपमध्ये जाणारी वीज घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग कमी केला की कमी व्होल्टेजवरही चिप नीट चालते, म्हणून वेग थोडा उतरवला तर वीज त्यापेक्षा पुष्कळ जास्त उतरते. मग वाचलेल्या विजेत आणखी चिपा लावायच्या. प्रत्येक चिप हळू, पण सगळ्या मिळून काम जास्त. आयबीएमच्या ब्लू जीन/एल ने हेच केलं होतं, ज्या काळात सगळे ३ गिगाहर्ट्झच्या मागे होते तेव्हा त्याचे प्रोसेसर फक्त ७०० मेगाहर्ट्झचे, आणि मशीन जगात पहिलं. अट एवढीच की काम तेवढ्या तुकड्यांत वाटता आलं पाहिजे. नाही वाटता आलं तर हळू चिपा हळूच राहतात.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मोटर चालू होताना पाच-सहा पट करंट घेते, ते यांनी धरलं काय?" घरी बोअर असणाऱ्या पोरीलाच हा प्रश्न पडू शकतो. प्रश्न एकदम रास्त आहे, कारण सगळे नोड एकाच क्षणी पूर्ण जोरात गेले की मीटर उसळी मारतो, आणि मर्यादा सरासरीची नसते, त्या क्षणाची असते. म्हणून अशा मशीनवर काम सुरू करतानाही टप्प्याटप्प्याने करायचं.

आमच्या लॅबमध्ये आम्ही हे जुन्या डेस्कटॉपवर करून बघतो. वायरमनकडून टाँगटेस्टर (वायरीला चिमट्यासारखा लावून अँपियर मोजायचं यंत्र) आणायचा, एक्स्टेंशन बोर्डाची वायर सोलून फेज वेगळा काढायचा (हे काम वायरमनच करतो, पोरांना हात लावू देत नाही) आणि एक-एक पीसी चढवत जायचं. पोरं टाँगटेस्टरचे अँपियर गुणिले २३० करतात आणि वॅटमीटरशी ताडून बघतात तर जुळतच नाही, टाँगटेस्टरवाला आकडा कितीतरी जास्त येतो. मग पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर यातला खरोखर वॅट म्हणून कामी येणारा हिस्सा, शिकवायला वेगळा तास लागत नाही. जुन्या स्वस्त एसएमपीएसचा (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा) पॉवर फॅक्टर ०.६-०.७ च असतो, चांगल्या सर्व्हरचा एकाच्या जवळ. मर्यादा अँपियरमध्ये असली की खराब पॉवर फॅक्टरवाला काम न करताच हरतो. आणि दुपारी व्होल्टेज १९० वर आलं की अजून मजा, एसएमपीएस तेवढेच वॅट ओढायला अँपियर जास्त घेतो, म्हणजे सकाळी बसलेलं मशीन दुपारी बसत नाही. रेनोच्या पोरांना ही पंचाईत नव्हती.

एक गोष्ट मात्र मला त्या नियमातली पटत नाही. २६ अँपियरमध्ये फक्त मशीनची वीज धरली होती, ते मशीन जी उष्णता हॉलमध्ये सोडते ती बाहेर काढणाऱ्या एसीची नाही. ३,१२० वॅट आत गेले म्हणजे ३,१२० वॅटची उष्णता बाहेर आली, ती कोणीतरी उपसलीच ना? नोव्हेंबरच्या रेनोत चालून जाते. ४६ अंशाच्या मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये हा नियम लावला तर अर्धी वीज थंडाव्यातच जाईल. फेंगचं गोदाम मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटते.

आणि तो चौथा नंबर

आता 'एका'. टाटा सन्सच्या कंप्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या पुण्यातल्या कंपनीने बांधलेलं, एचपी कंपनीचे ब्लेड सर्व्हर, इंटेलचे ३ गिगाहर्ट्झचे झिऑन प्रोसेसर, १४,२४० कोर, लिनपॅकवर ११७.९ टेराफ्लॉप, खर्च ३ कोटी डॉलरच्या आसपास. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पहिलं ब्लू जीन/एल ४७८.२, दुसरं जर्मनीतलं युलिख १६७.३, तिसरं न्यू मेक्सिकोतलं १२६.९, आणि चौथं हे. त्याआधी भारताचं नाव यादीत होतं, परम पद्म जून २००३ ला १७१ वं होतं, पण पहिल्या पाचात कधी नाही. सरकारी पैसा नाही, खाजगी कंपनीने केलेलं. ज्याला कोणाला आनंद झाला त्याचा आनंद खराच होता.

पण पुढे बघा. जून २००८ ला हेच मशीन थोडं वाढवून १३२.८ टेराफ्लॉप झालं, आणि नंबर आठवा. नोव्हेंबर २००८ ला तेरावा. मशीन वाईट झालं नाही, उलट सुधारलं, तरी दर सहा महिन्यांनी खाली. यादीचा स्वभावच असा आहे. आपण अजून त्या चौथ्याच्या वर गेलेलो नाही, २०२३ च्या जूनमध्ये सी-डॅकचं ऐरावत ७५ वं आलं तर तीही बातमी झाली. नंबर मोजत बसलं तर गोष्ट इथेच संपते अन् थोडी उदासही होते.

विजेच्या अंगाने तीच यादी वाचली तर वेगळं दिसते. जून २००८ मध्ये, म्हणजे रेनोनंतर लगेचच्या यादीत, टॉप५०० ने पहिल्यांदा विजेचा रकाना घातला. 'एका'समोर ७८६ किलोवॅट. १३२.८ टेराफ्लॉप भागिले ७८६ किलोवॅट, वॅटमागे १६९ मेगाफ्लॉप (२००७ च्या वेगाला तीच वीज धरली तर १५०). ब्लू जीन/एल ला २,३२९ किलोवॅट, म्हणजे वॅटमागे २०५. आणि त्याच यादीत पहिलं आलेलं रोडरनर, ज्याने पहिल्यांदा पेटाफ्लॉप ओलांडला, १,०२६ टेराफ्लॉप, त्याला २,३४५ किलोवॅट. ब्लू जीन/एल च्या दुपटीपेक्षा जास्त वेग, वीज जवळपास तेवढीच. एका वर्षाच्या आत स्पर्धा कशाची आहे ते बदललं होतं, आणि माझ्या वाचण्यात रेनोच्या त्या आठवड्यानंतर बदललं. कोणी म्हणेल की फेंग-कॅमेरॉन नसते तरी हे झालंच असतं, कारण विजेची बिलं सगळ्यांनाच बोचत होती. असेल. पण बिल बोचणं वेगळं आणि त्याचा आकडा भर सभेत भिंतीवर लावणं वेगळं.

अलीकडचा हिशेब द्यायचा तर नोव्हेंबर २०२४ ला अटलांटाच्या एससीमध्ये पहिलं आलेलं एल कॅपिटन तेव्हा १.७४२ एक्साफ्लॉपचं होतं आणि वीज २९.५८ मेगावॅट. पारसच्या २५० मेगावॅटच्या एका संचातला साधारण आठवा हिस्सा एक मशीन खाते. पण वॅटमागे धरलं तर जवळपास ५९ गिगाफ्लॉप, म्हणजे २००७ च्या पहिल्या नंबरच्या ३५७ मेगाफ्लॉपच्या दीडशे पटीच्या वर. जुन्याच हिशेबाने हे मशीन बांधलं असतं तर पाचेक हजार मेगावॅट लागले असते, तेवढ्यात चंद्रपूरचं अख्खं केंद्रही पुरलं नसतं.

लाइन गेली तर

स्पर्धा पुढे वाढत गेली. ग्राफिक्स कार्ड आले, चीन, सिंगापूरच्या टीम जिंकू लागल्या. २०२० ला कोरोनामुळे कॉन्फरन्सच ऑनलाइन झाली तेव्हा स्पर्धाही क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या मशीनवर, गेली, आणि तिथे पोरांना अँपियर मोजता येईनात म्हणून पैशाचं बजेट दिलं, तेवढ्यात भागवा. मर्यादा आली ती आलीच, फक्त वेशात फरक.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली भर म्हणजे मधल्या काही वर्षांतला एक नियम : दोन दिवसांत कधीतरी आयोजक मुद्दाम वीज बंद करणार, केव्हा ते सांगणार नाही. मशीन परत चालू करून काम जिथे होतं तिथून पुढे न्यायचं. हे वाचून दाखवलं की वर्गात हसू फुटते. "सर, याच्यात तं आपण पहिले येऊ." म्हटलं या, पण कसे ते सांगा.

उत्तर आहे चेकपॉइंट, म्हणजे काम चालू असतानाच अधूनमधून सगळी अवस्था डिस्कवर उतरवून ठेवायची. आता किती वेळाने? लवकर लवकर उतरवलं तर लिहिण्यातच वेळ जातो, उशिरा उशिरा उतरवलं तर लाइन गेल्यावर बरंच काम बुडते. याचा एक जुना हिशेब आहे, १९७४ ला जे. डब्ल्यू. यंग यांनी दिलेला : एकदा उतरवायला लागणारा वेळ, गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, गुणिले दोन, आणि त्याचं वर्गमूळ. समजा उतरवायला ३० सेकंद लागतात आणि लाइन सरासरी तीन तासांनी जाते, म्हणजे १०,८०० सेकंद. २ × ३० × १०,८०० = ६,४८,०००, वर्गमूळ साधारण ८०५ सेकंद. दर साडेतेरा मिनिटांनी उतरवा.

मागच्या बॅचच्या पोरांनी यावर भांडण काढलं की सरासरी तीन तास कोणी ठरवले. लाइन काही सरासरीने जात नाही, वारं सुटलं की दहा मिनिटांत चारदा जाते अन् मग अख्खा दिवस जात नाही. हे त्यांचं अगदी बरोबर आहे, यंगचं सूत्र बिघाड कधीही सारख्याच शक्यतेने येतो असं धरून चालते. मग दोघं जण उपकेंद्रावर जाऊन तिथल्या ऑपरेटर काकांच्या रजिस्टरमधून फीडर बंद-चालू झाल्याच्या वेळा उतरवून घेऊन आले, काकांनी आधी "काहून पाहिजे रे तुमाले हे" म्हणून चौकशी केली, मग चहा पण पाजला. आता त्या वेळांवरून पावसाळ्याचं अंतर वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं असा तक्ता बनवणं चालू आहे, आणि सध्याचा वाद असा आहे की आभाळ भरून आलं की स्क्रिप्टने (चेकपॉइंट उतरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) आपोआप अंतर कमी करावं का, आणि आभाळ भरलंय हे स्क्रिप्टला सांगणार कोण.